मराठी संगणकीय नोंदींचे संकेतांतर : एक ऐतिहासिक आढावा
(विशेष संदर्भ : भंडारा जिल्ह्यातील स्थलनामे)

प्रस्तावना :
महसुली दप्तरातील नावावर जमिनीचा हक्क, वारसा आणि कर्ज अवलंबून असते. म्हणूनच दप्तर एका संगणकीय संकेतातून दुसऱ्यात जाताना त्यातील अक्षर शाबूत राहते काय, हा इतिहासाच्या अभ्यासकांसाठीही महत्त्वाचा प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात भंडारा जिल्ह्याशी निगडित स्थलनामांच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
संगणक अक्षराऐवजी त्याचा क्रमांक साठवितो. १९६३ मध्ये अमेरिकेत आस्की हा संकेत प्रमाणित झाला, तर १९६४ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टिम/३६० बरोबर एब्सिडिक रूढ झाला. रोमन लिपीतील मोठ्या 'ए'चा क्रमांक आस्कीत ६५, तर एब्सिडिकमध्ये १९३ आहे. कोबॉल भाषेतील वेतनपत्रके व खातेवह्यांमधील अक्षरी मजकूर एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेताना २५६ क्रमांकांचे एक कोष्टक पुरत असे. कारण तेथे एका अक्षरास एकच क्रमांक होता आणि अक्षरांचा क्रम बदलत नव्हता.

भारतात १९९१ मध्ये इस्की हे मानक प्रसिद्ध झाले. तत्पूर्वी १९८८-८९ मध्ये केंद्र शासनाने आठ जिल्ह्यांत भूमी अभिलेख संगणकीकरणाची पथदर्शी योजना सुरू केली होती. महाराष्ट्रातून त्यात वर्धा जिल्हा होता.

संकेतांतराचे स्वरूप :
इस्कीने अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठविली. युनिकोडनेही देवनागरीसाठी तोच मार्ग स्वीकारल्याने इस्कीतील मजकूर युनिकोडमध्ये नेणे तुलनेने सोपे ठरले. याउलट कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये अक्षराच्या केवळ दृश्य आकाराची नोंद होते. १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात असलेला व त्यानंतर गोंदिया जिल्ह्यात गेलेला 'तिरोडा' तालुका कृतिदेवमध्ये एफ, आर, जे, के, एस, एम, के या सात रोमन अक्षरांच्या क्रमांकांनी साठविला जातो. ऱ्हस्व वेलांटी 'त'च्या आधी येते. 'अर्जुनी'तील रफार 'जु'नंतर येतो. म्हणजे येथे केवळ कोष्टक पुरत नाही. अक्षरांची फेरमांडणीही करावी लागते. दोन संकेतांत लिहिलेला तिरोडा संगणकास दोन निरनिराळी गावे वाटतात.

अर्थहानीचाही धोका संभवतो. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे खोरी. रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीने मराठीतील अर्धा 'ऱ्' रफारात मिसळला, तर अर्थच बदलतो.

जागेचा प्रश्नही गंभीर आहे. जुन्या व्यावसायिक आज्ञावल्यांत नावासाठी ठरावीक लांबीचा रकाना असे. 'तिरोडा' हा शब्द इस्कीत सहा बाइट घेतो, तर युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात अठरा. तीस बाइटांच्या रकान्यात इस्कीची तीस चिन्हे मावतात, यूटीएफ-८ ची मात्र दहाच. रकाना न वाढविता रूपांतर केल्यास खातेदाराचे आडनावच तुटते आणि यंत्र त्याची सूचना देईलच असे नाही.

निष्कर्ष :
२००९ मध्ये केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक अधिसूचित केले. त्यामुळे नव्या नोंदींसाठी समान पाया मिळाला; जुन्या नोंदींचे प्रश्न मात्र केवळ त्याने सुटत नाहीत. मूळ धारिका, तिचा संकेत आणि फॉन्टचे नाव एकत्र जतन करणे, तसेच रूपांतरित नावे गावाची माहिती असणाऱ्या व्यक्तीकडून मूळ कागदाशी ताडून घेणे आवश्यक आहे. मोडी कागद वाचण्यास जसा मोडीचा जाणकार लागतो, तसाच या धारिकांनाही त्यांच्या संकेताचा जाणकार लागतो.