स्त्रीपार्टी आणि नाच्या

कुलीन घरच्या बायकांनी रंगमंचावर येणे समाजाला मंजूर नव्हते, तोवर मराठी नाटकातल्या नायिका ‘स्त्रीपार्टी’ म्हटले जाणारे पुरुष नटच रंगवत. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हापासूनची ही वहिवाट. पुढे किर्लोस्कर नाटक मंडळीत भाऊराव कोल्हटकरांच्या सुभद्रेने तिला मान मिळवून दिला आणि नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांनी ती कळसाला नेली.

१९०५ मध्ये शकुंतला करून किर्लोस्कर मंडळीत उभे राहिलेले बालगंधर्व ‘मानापमान’मधली भामिनी (१९११), ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी (१९१६) आणि ‘एकच प्याला’तली सिंधू (१९१९) अशा भूमिकांतून घरोघरी पोचले. त्यांची लुगडी, दागिने, केशरचना आणि चालण्याची ढब खानदानी घरांतल्या बायका उचलत. स्त्रीने कसे दिसावे, हे एक पुरुष ठरवत होता आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. मात्र या कौतुकाला एक अट होती. रंगवायची ती मर्यादशील, सोशिक, घरंदाज नायिका, आणि पडदा पडला की नटाने पुन्हा चारचौघांसारखा संसारी पुरुष व्हायचे. स्त्रीपार्टी नटाची वाहवा होई ती रूपांतराच्या कसबाची. बायकी स्वभावाला त्यात जागा नव्हती.

पहिल्या भारतीय मूकपटाच्या वेळी स्त्रीभूमिका कोणी करायची, हा प्रश्न वेगळ्या रूपात आला. दादासाहेब फाळके यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी (१९१३) तारामती मिळेना, तेव्हा मुंबईतल्या एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके यांना त्यांनी उभे केले. मिशा उतरवणे हे बाप गेल्याचे लक्षण मानले जाई, त्यामुळे नटांची मनधरणी करणे हे एक कामच होते. ‘लंकादहन’मध्ये (१९१७) याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोघेही साकारले. स्त्रीभूमिका करणारे विष्णुपंत पागनीस तर पुढे प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) तुकोबा झाले, आणि लोकांच्या मनात तुकोबांचा चेहरा त्यांचाच राहिला.

तमाशात चित्र उलटे होते. तिथे आधी ‘नाच्या पोऱ्या’ लावणीवर नाचे. फडात बायका आल्यावर पोऱ्याचे मूळ काम गेले, पण नाच्या गेला नाही. तो हशा पिकवायला उरला. गवळणीतली मावशीही पुरुषच करी. सोंगाड्याने टोमणा मारायचा आणि नाच्याने कमरेत लचकत उत्तर द्यायचे, या सवालजवाबावर खेळ रंगे. स्त्रीपार्टी नट बाई होऊन दाखवी. नाच्या बायकी पुरुषच राहून दाखवी. पहिल्याला शालू-शेले मिळाले, दुसऱ्याला ‘बायल्या’ ही शिवी. यात जातीचा आणि वर्गाचा भाग मोठा आहे: संगीत नाटक पांढरपेशांचे, तमाशा गावगाड्याचा.

चित्रपटांनी नाच्याला गणपत पाटील यांचा चेहरा दिला. तमाशापटांच्या भराच्या काळात ते इतके नाच्या ठरले की प्रत्यक्षातही ते तसेच असतील, असा प्रेक्षकांचा पक्का समज झाला. संसारी माणूस असूनही त्यांना आणि घरच्यांना कुचेष्टा सोसावी लागली. खलनायक रंगवणारा नट घरी सज्जन असू शकतो हे मान्य करणारे प्रेक्षक नाच्याला ती सवलत द्यायला तयार नव्हते.

आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ कादंबरीने हाच सल कथेच्या मध्यभागी आणला. रवी जाधव यांच्या चित्रपटात (२०१०) अतुल कुलकर्णी यांनी केलेला गुणा हा रांगडा पहिलवानगडी आहे. त्याला तमाशात राजा व्हायचे असते, पण नाच्याशिवाय फड उभा राहत नाही म्हणून तोच नाच्या होतो आणि गावच्या अवहेलनेला व हिंसेला सामोरा जातो.

रंगमंचाबाहेरही असेच दिसते. दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकात यल्लम्माचा जोगता देवीच्या नावाने साडी नेसतो. लोक त्याच्या परडीत जोगवा घालतात, पण त्याला घरात बरोबरीने घेत नाहीत. राजन गवस यांच्या लेखनावर आधारलेल्या ‘जोगवा’ (२००९) चित्रपटातला तायप्पा या दुटप्पी आदराखाली घुसमटतो.

बोलपट आणि ‘आंधळ्यांची शाळा’सारखी (१९३३) नाटके आल्यावर शहरी रंगभूमीवर बायकांच्या भूमिका बायकांकडे गेल्या आणि स्त्रीपार्टी इतिहासजमा झाला. सिंधुदुर्गातल्या दशावतारात मात्र आजही राण्या, राक्षसिणी आणि देवी पुरुषच रंगवतात आणि देवळांच्या जत्रांमधून हे खेळ रात्रभर चालतात.