रबाबी ते रागी

टोरांटो असो की लंडनचे साउथॉल, गुरुद्वाऱ्यात पाहुणा गायक येणार असला की फलकावर त्याच्या नावापुढे ‘हजूरी रागी, श्री दरबार साहिब, अमृतसर’ असे बिरुद अनेकदा झळकते. मुलूख फिरणाऱ्याची पत त्याच्या मूळ ठिकाणावरून ठरते. गंमत अशी की, शीख कीर्तनाची ही परंपरा जन्मली तीच मुळी वाटेवर.

भाई मरदाना हा तिचा आद्य पुरुष. गुरू नानकांच्याच तलवंडीचा, म्हणजे आजच्या पाकिस्तानातल्या ननकाना साहिबचा. जातीने मिरासी, म्हणजे पिढीजात गायक-वादक; धर्माने मुसलमान. नानक पद गात आणि मरदाना रबाब या तंतुवाद्यावर सूर धरी. जनमसाख्या म्हणजे नानकांच्या चरित्रकथा; त्यांतल्या प्रवासवर्णनांत हा भुकेला, कुरकुरणारा, तरीही साथ न सोडणारा वादक फार लोभस उतरला आहे. त्याच्या मागून मुसलमान रबाबींची घराणी गुरूंच्या दरबारात पिढ्यान्‌पिढ्या गात राहिली.

मग गाणे शिखांच्या स्वतःच्या गळ्यात कसे आले? परंपरा याचे श्रेय एका भांडणाला देते. सत्ता आणि बलवंड हे रबाबी बिदागीवरून रुसले आणि त्यांनी दरबारात गायला नकार दिला. गुरू अर्जनदेवांनी शिखांनाच गायला सांगितले (असे गाणारे शीख म्हणजेच रागी), स्वतः सरंदा हाती घेतला. पुढे दिलजमाई झाली. या जोडीने रचलेली रामकली रागातली वार, म्हणजे स्तुतिकाव्य, आजही शिखांच्या ग्रंथसाहिबात आहे. रुसलेल्या कलावंतांना धर्मग्रंथातच जागा देण्याचा हा मोठेपणा विरळाच.

१६०४ साली आदि ग्रंथ, म्हणजे ग्रंथसाहिबाचे पहिले रूप, हरिमंदिरात (म्हणजेच दरबार साहिबात) आला, तोही रागवार लावलेला. आज ग्रंथसाहिबात ३१ मुख्य राग आहेत. शेवटचा जैजैवंती, गुरू तेगबहादूरांचा. पदात जिथे ‘रहाउ’ लिहिलेले असते ती ओळ धृपदासारखी घोळवायची, ही गायकाला दिलेली सूचनाच. चाल रागी बांधतो, पण शब्दाला हात लावत नाही.

रबाबी आणि रागी दोघेही १९४७पर्यंत अमृतसरला गात होते. फाळणीने रबाबींना लाहोरकडे ढकलले. तिथले गुरुद्वारे ओस पडलेले, ऐकणारी संगत सीमेपलीकडे गेलेली. एका झटक्यात त्यांचे गाणे पोरके झाले.

रागींच्या आजच्या जथ्यात बहुधा दोघे पेटीवर आणि एक तबल्यावर असतो. यातली पेटी मूळची युरोपातली, एकोणिसाव्या शतकातली. २०२२ मध्ये शिखांचे सर्वोच्च धर्मपीठ असलेल्या अकाल तख्ताच्या जथेदारांनी, म्हणजे प्रमुखांनी, दरबार साहिबातून ती टप्प्याटप्प्याने हटवून रबाब, सरंदा, ताऊस अशी तंतुवाद्ये परत आणावीत असे सुचवले, तेव्हा बराच वाद झाला. पेटीने गाणे सोपे केले, घरोघर नेले हे खरेच. पण एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यात निघत नाही, हा आक्षेपही खोटा नाही.

मराठी श्रोत्याला या बैठकीत परकेपणा वाटायचे कारण नाही. नामदेवांची ६१ पदे ग्रंथसाहिबात आहेत आणि नांदेडचे हजूर साहिब आपल्याच गोदाकाठी आहे. तिथे पाहुणा रागी आला तर जरूर जावे. डोके झाकून, जमिनीवर बसून ऐकावे. टाळ्या मात्र वाजवू नयेत. तिथे दाद ‘वाहेगुरू’ म्हणून देतात.