चित्र नेमके कुठे अडते? छायाचित्र-संपादनाच्या संगणकाची कथा

१/
गिझाचे पिरॅमिड साडेचार हजार वर्षे आपापल्या जागी उभे आहेत. १९८२ च्या फेब्रुवारीत मात्र त्यांतील एक किंचित सरकला, आणि तोही ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठावर. छायाचित्रकार गॉर्डन गाहन यांचे मूळ छायाचित्र आडवे होते. मुखपृष्ठाची चौकट उभी. चित्र तीत बसावे म्हणून संगणकाच्या साहाय्याने दोन पिरॅमिडांमधले अंतर कमी करण्यात आले.

२/
हे काम सायटेक्स या इस्रायली कंपनीच्या यंत्रणेवर झाले. अशा यंत्रणेची किंमत लाखो डॉलरांच्या घरात असे. त्यामुळे ‘छायाचित्र-संपादनासाठी कोणता संगणक घ्यावा?’ हा प्रश्न त्या काळी मोठे छापखाने आणि प्रकाशनसंस्था यांच्यापुरताच होता. आज तो महाविद्यालयीन विद्यार्थीही विचारतो. या प्रवासात एक सूत्र सतत दिसते : यंत्र किती वेगवान आहे, यापेक्षा चित्र नेमके कुठे अडते, हा प्रश्न अधिक निर्णायक ठरला. प्रत्येक पिढीत अडथळ्याची जागा तेवढी बदलली.

३/
पहिला अडथळा स्मृतीचा, म्हणजेच मेमरीचा. १९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल किर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिरत्या पिंपावर छायाचित्र गुंडाळून ते ‘सीॲक’ या संगणकात उतरवले. चित्र होते किर्श यांच्या तीन महिन्यांच्या मुलाचे. त्याची रुंदी १७६ ठिपके, उंची १७६ ठिपके, एकूण ३०,९७६. प्रत्येक ठिपका एक तर काळा, नाही तर पांढरा. याहून मोठे चित्र सामावून घेण्याइतकी स्मृती त्या यंत्रापाशी नव्हती. संगणकातील छायाचित्राच्या इतिहासाचा आरंभच असा जागेच्या टंचाईने झाला.

४/
१९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रिचर्ड शूप यांनी ‘सुपरपेंट’ ही यंत्रणा उभी केली. ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचे संपूर्ण चित्र धारण करणारी स्वतंत्र स्मृती तिच्यात होती. प्रत्येक ठिपक्याला एक बाइट, म्हणजे ३,०७,२०० बाइट. त्यात एका वेळी २५६ रंग. आज ही रक्कम क्षुल्लक वाटते. त्या काळी मात्र केवळ एका चित्रासाठी एवढी स्मृती राखून ठेवणे ही चैन होती. १९८१ मध्ये ब्रिटनच्या क्वांटेल कंपनीने दूरचित्रवाणी केंद्रांसाठी ‘पेंटबॉक्स’ आणला. त्याची किंमतही एक लाख पौंडांच्या वर होती.

५/
चित्र घरातल्या मेजावर आले ते एका विद्यार्थ्यामुळे. मिशिगन विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या थॉमस नोल यांच्याकडे मॅकिंटॉश प्लस होता : ८ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, १ मेगाबाइट रॅम आणि ५१२ गुणिले ३४२ ठिपक्यांचा पडदा. त्या पडद्याला काळा आणि पांढरा हे दोनच रंग ठाऊक. करड्या छटा दाखवण्याची सोयच नव्हती. १९८७ मध्ये नोल यांनी ठिपक्यांची दाटी कमीअधिक करून करड्या छटांचा आभास निर्माण करणारा प्रोग्रॅम लिहिला. वर्तमानपत्रातले छायाचित्र भिंगाखाली पाहिले की जे दिसते, त्याच जातीची ही युक्ती. अडथळा आता पडद्याचा होता, आणि फोटोशॉपचा जन्म त्या उणिवेतूनच झाला.

६/
थॉमस यांचे बंधू जॉन नोल हे ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’ या चित्रपटांच्या दृश्य-परिणामांसाठी प्रसिद्ध असलेल्या संस्थेत काम करीत. महागड्या यंत्रांवर चित्रसंस्करण कसे चालते, हे त्यांनी तेथे पाहिले होते. भावाचा प्रोग्रॅम तेच काम लहान प्रमाणावर करतो आहे, हे त्यांच्या लगेच ध्यानात आले. त्याच वर्षी ॲपलने मॅकिंटॉश टू बाजारात आणला. त्यात रंग होते. शिवाय आत नवी कार्डे बसवण्यासाठी खाचा होत्या. ही दुसरी गोष्ट पुढे फार मोलाची ठरली. जो संगणक उघडून वाढवता येतो, तोच चित्राच्या वाढत्या भुकेला पुरा पडतो, हा धडा तेव्हापासूनचा.

७/
नव्या प्रोग्रॅमच्या प्रात्यक्षिकासाठी जॉन यांनी वापरलेले चित्र इतिहासप्रसिद्ध आहे : बोरा बोरा बेटाच्या किनाऱ्यावर पाठमोऱ्या बसलेल्या त्यांच्या मैत्रिणीचे, ‘जेनिफर इन पॅरडाइज’. हा प्रोग्रॅम आरंभी बार्नीस्कॅन नावाच्या स्कॅनरबरोबर थोड्या प्रतींत वितरित झाला. पुढे ॲडोबीने त्याचे हक्क घेतले आणि फेब्रुवारी १९९० मध्ये फोटोशॉपची पहिली आवृत्ती आली, तीही केवळ मॅकिंटॉशसाठी. त्या वर्षी ‘कोणता संगणक घ्यावा?’ या प्रश्नाचे उत्तर प्रोग्रॅमनेच देऊन टाकले होते.

८/
या आवृत्तीला किमान २ मेगाबाइट रॅम पुरे. परंतु छपाईचा हिशेब निराळा. ए-४ आकाराचे पान दर इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने घेतले, तर २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके होतात. लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट प्रत्येकी धरले की सुमारे २६ मेगाबाइट. दोन मेगाबाइटच्या घरात सव्वीस मेगाबाइटचा पाहुणा राहणार कसा? फोटोशॉपने तोडगा काढला : चित्राचे तुकडे करायचे, लागेल तो तुकडा रॅममध्ये आणायचा आणि उरलेले हार्ड डिस्कवर ठेवायचे. चित्र मावले खरे. पण डिस्क रॅमहून कितीतरी मंद. प्रोसेसर हात जोडून डिस्ककडे पाहत बसे. महागडा प्रोसेसर घेऊन रॅममध्ये काटकसर करणाऱ्यांची फसगत तेव्हापासून चालत आली आहे.

९/
रॅमइतकाच प्रश्न पडद्याचा होता. एका वेळी २५६ रंग दाखवणाऱ्या पडद्यावर त्वचेच्या छटा नकाशातल्या उंचीच्या पट्ट्यांसारख्या तुटक दिसत. प्रत्येक ठिपक्याला २४ बिट दिले की १,६७,७७,२१६ रंग शक्य होतात आणि पट्टे विरून जातात. त्यासाठी वेगळे कार्ड विकत घ्यावे लागे. फोटोशॉपची गणिते जलद करण्यासाठी खास कार्डेही निघाली. म्हणजे १९९० च्या दशकाच्या आरंभी संगणकाच्या किमतीत त्याच्या आत बसवायच्या गोष्टींची किंमत धरल्याशिवाय हिशेब पुरा होत नसे.

१०/
पुढे प्रोग्रॅमच अधिक खादाड झाला. १९९४ च्या फोटोशॉप ३.० मध्ये ‘लेअर’ म्हणजे थर आले. मूळ चित्राला धक्का न लावता त्यावर काचेसारखे थर रचता येऊ लागले. मात्र प्रत्येक भरलेला थर स्मृतीत नव्या चित्राइतकी जागा मागू लागला. १९९८ च्या ५.० आवृत्तीत ‘हिस्टरी’ ही सोय आली. केलेल्या कृतींची नोंद ठेवून अनेक पावले मागे जाता येऊ लागले. इतिहास जपायचा तर त्याला जागा द्यावी लागते, हे संगणकालाही चुकले नाही.

११/
दरम्यान १९९०च्या दशकाच्या आरंभीच फोटोशॉप विंडोजवरही आले. ग्राहकाला प्रथमच खरी निवड मिळाली आणि तिच्यासोबत नवा तंटाही. दोन्ही प्रणालींत उजेड-अंधाराचा उतार वेगळा धरलेला होता : मॅकवर १.८, विंडोजवर २.२. मॅकवर नीटनेटके केलेले चित्र विंडोजवर काळवंडलेले दिसे. दोन पडद्यांवर दोन सत्ये, आणि छापखान्यात तिसरे! १९९३ मध्ये आठ कंपन्यांनी मिळून आंतरराष्ट्रीय कलर कन्सॉर्शियम स्थापले. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ‘एसआरजीबी’ हे सामाईक रंगमान सुचवले. मॅकने २.२ हा उतार स्वीकारला तो २००९ मध्ये. रंग ‘बरोबर’ असणे म्हणजे अनेकांनी एका मापावर सहमत होणे, हे या तंट्याने शिकवले. आजही पडद्याचे कॅलिब्रेशन का करावे, याचे उत्तर यातच आहे.

१२/
उजेड-अंधाराचा फरक किती गंभीर ठरू शकतो, हे जून १९९४ मध्ये दिसले. ओ. जे. सिम्प्सन यांचे पोलिसांनी काढलेले एकच छायाचित्र ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन्ही साप्ताहिकांनी एकाच आठवड्यात मुखपृष्ठावर छापले. ‘टाइम’च्या अंकात चेहरा अधिक काळा केलेला होता. दोन्ही अंक विक्रीला शेजारी-शेजारी लागले आणि वर्णभेदाच्या आरोपांनी वादळ उठले. पिरॅमिड हलवायला लाखो डॉलरांची यंत्रणा लागली होती. बारा वर्षांनंतर चेहरा काळवंडवण्याची क्षमता मेजावरच्या संगणकात आली होती. १९९६ मध्ये बर्कलीच्या स्पेन्सर किमबॉल आणि पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी ‘गिंप’ हा विनामूल्य प्रोग्रॅम खुला केला. किंमत हा जो पहारेकरी दारात उभा होता, तोही हळूहळू निघून गेला.

१३/
एका अडथळ्याची कथा तर गणिताची आहे. ३२ बिटांच्या प्रोग्रॅमला ४ जीबीपलीकडची स्मृती मोजताच येत नाही. रॅम कितीही भरा. फोटोशॉप २००८ च्या सीएस-४ आवृत्तीत ६४ बिटांचे झाले, पण केवळ विंडोजवर. ॲपलने जुन्या ‘कार्बन’ पायावरील ६४ बिटांची योजना २००७ मध्ये रद्द केल्यामुळे मॅकसाठीच्या फोटोशॉपचा मोठा भाग नव्या पायावर आणावा लागला. ते काम २०१० च्या सीएस-५ मध्ये तडीस गेले. ज्या यंत्रावर फोटोशॉप जन्मले, त्याच यंत्रावर ते दोन वर्षे मागे राहिले. अवाढव्य चित्रांवर काम करणाऱ्यांना या काळात ब्रँडवरील निष्ठा परवडणारी नव्हती.

१४/
आता आजचा हिशेब. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचे चित्र ६००० गुणिले ४००० ठिपक्यांचे. प्रत्येक रंगाला १६ बिट धरले तर एका चित्राला १४४ मेगाबाइट आणि दहा भरलेल्या थरांना सुमारे १.४४ जीबी. त्यावर कृतींची नोंद, ब्राउझर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांचा भार. म्हणून साध्या कामाला १६ जीबी रॅम ही वाजवी सुरुवात. अनेक थरांच्या किंवा जोडचित्रांच्या कामाला ३२ किंवा अधिक. तात्पुरत्या तुकड्यांसाठी वेगवान एसएसडी, कारण १९९० ची ती युक्ती आजही चालू आहे. पडदा रंगांशी प्रामाणिक राहणारा आणि कॅलिब्रेट करता येणारा. ग्राफिक्स कार्डाचे महत्त्व सीएस-४ पासून वाढत गेले. आज चित्रातील ‘नॉइज’ काढणाऱ्या एआय साधनांना ते विशेष लागते. सर्वांत महाग प्रोसेसरवर पैसे ओतण्याआधी या चार गोष्टी पाहाव्यात, असा या इतिहासाचा कौल आहे.

१५/
यादीत सहसा शेवटी येणारी गोष्ट मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने पहिली धरावी : मूळ चित्र ठेवायला जागा. २००७ मध्ये आलेल्या लाइटरूमची रीत अशी, की मूळ फाइल अस्पर्शित राहते आणि बदल केवळ सूचनांच्या रूपाने निराळे नोंदवले जातात. अशा मूळ फाइली कालांतराने टेराबाइट भरतात. त्यांची एक प्रत संगणकात आणि दुसरी स्वतंत्र डिस्कवर हवीच.

१६/
पिरॅमिडांच्या त्या मुखपृष्ठावर चर्चा होऊ शकली, कारण मूळ आडवे छायाचित्र अस्तित्वात होते. पुढे त्या मासिकानेही ती चूक मानली. ‘टाइम’चा चेहरा उघडा पडला, कारण तेच छायाचित्र शेजारच्या अंकात होते. संपादन सर्वांच्या हाती आल्यावर सत्याचा आधार उरतो तो मूळ प्रतीचा. १९५७ साली १७६ ठिपक्यांच्या चौरसात एक तान्हे मूल मावले की नाही, हा प्रश्न होता. आज सारे काही मावते. म्हणूनच संगणक निवडताना शेवटचा प्रश्न असा : यावर चित्र किती झटपट बदलेल हे तर पाहायचेच, पण बदलण्यापूर्वीचे चित्र वीस वर्षांनी सापडेल का?