आराखड्यांचें दप्तर

कारखान्यांत लोखंड चुकलें तर तें डोळ्यांस दिसतें. कागद चुकला तर दिसत नाहीं. जुन्या कागदाबरहुकूम घडविलेला भाग स्वतःपुरता अगदीं निर्दोष असतो. तो शेजारच्या भागास बसत नाहीं, हें जुळणीच्या दिवशींच कळतें. यंत्रविद्येच्या इतिहासांत शोधकांचीं चरित्रें पुष्कळ आढळतात. परंतु आराखडे कोणीं जतन केले, खरी प्रत कोणती हें कोणीं ठरविलें, याची वार्ता क्वचितच ऐकूं येते.

इ. स. १८४२ मध्यें जॉन हर्शेल या ज्योतिर्विदानें लोहक्षारांच्या योगानें निळीं प्रकाशचित्रें काढण्याची रीत शोधून काढली. शतकाच्या उत्तरार्धांत तिचा उपयोग यंत्रांच्या आराखड्यांच्या नकला काढण्याकडे होऊं लागला. निळ्या भूमीवर पांढऱ्या रेघांचा तो कागद म्हणजेच 'ब्लूप्रिंट'. नकला स्वस्त झाल्या, त्याबरोबर शिळ्या नकलाहि कारखानाभर पसरल्या. मग मूळ कागद कुलपांत ठेवावा, तो नेणाराचें नांव वहींत टिपावें, प्रत्येक दुरुस्तीस अक्षर व तारीख द्यावी, जुन्या प्रती परत मागवाव्या, अशी शिस्त रूढ झाली. ती पाळविणारा कारकून अभियंत्यांस फारसा प्रिय नसावा, असा आमचा तर्क आहे.

१९६३ सालीं मॅसॅच्युसेट्समधील एम. आय. टी. या संस्थेंत आयव्हन सदरलंड यानें 'स्केचपॅड' रचून पडद्यावर रेखा काढून दाखविल्या. पुढील तीन दशकांत कागद मागें हटत गेला. त्याबरोबर एक निराळीच अडचण उद्भवली: संगणकांत मूळ व नकल यांत भेदच उरत नाहीं. शिवाय तेथील आराखडा एकटा नसतो. जुळणीच्या फाइलींत शेंकडों सुट्या भागांच्या फाइलींचे केवळ पत्ते असतात. त्यांतील एकीचें नांव कोणीं परभारें बदललें तर त्या जागीं भोंक पडतें, आणि एकाच भागावर दोघांनीं एके वेळीं काम केलें तर मागून साठविणाराचेंच शिल्लक राहतें. तेव्हां कारकुनाची वही संगणकांत उतरविणें भाग पडलें. तिच्या भांडारास 'व्हॉल्ट', म्हणजे तिजोरी, हेंच नांव पडलें. एकानें फाइल दुरुस्तीस घेतली कीं इतरांस ती वाचण्यापुरतीच खुली राहते. परत ठेवतांना तिला नवा क्रमांक मिळतो, आणि जुन्या आवृत्त्या न पुसतां मागें रांगेनें उभ्या असतात.

या शिस्तीचें यश पाहावयाचें तर बोइंगच्या '७७७' विमानांत. संपूर्णपणें संगणकावर आंखलेलें तें पहिलें प्रवासी विमान १२ जून १९९४ रोजीं उडालें. अपयश पाहावयाचें तर एअरबसच्या 'ए-३८०' कडे वळावें लागतें.

या दुमजली विमानांत सुमारें ५३० किलोमीटर तारा आहेत. वजन वांचविण्यासाठीं अनेक ठिकाणीं तांब्याऐवजीं अॅल्युमिनियमची तार घेतली होती, आणि तिला किती वांकवावें याचे नियम निराळे. फ्रान्स व ब्रिटन येथील अभियंते 'कॅटिया' या प्रणालीची पांचवी आवृत्ति वापरीत, तर जर्मनी व स्पेन येथील चौथी. नांव एक, परंतु पांचवी ही चौथीची डागडुजी नसून नव्यानें रचलेली प्रणाली होती. एकींतून दुसरींत आराखडा नेतांना माहिती गळत असे. हांबुर्गहून आलेल्या धडांतील तारांच्या जुड्या तुलूझ येथें जोडूं जातां आंखूड पडूं लागल्या. तोंवर विमान २७ एप्रिल २००५ रोजीं उडून टाळ्याहि मिळवून बसलें होतें! पुढील वर्षीं विलंबाची वार्ता फुटतांच १४ जून रोजीं मूळ कंपनीच्या भागांची किंमत एका दिवसांत सुमारें चतुर्थांशानें कोसळली, आणि त्या एका वर्षांत एअरबसचे दोन मुख्याधिकारी पायउतार झाले.

सारा दोष संगणकाच्या माथीं मारणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. दोन आवृत्त्या नांदूं देण्याचा निर्णय कोणा यंत्राचा नव्हता. चार देशांच्या कार्यालयांपैकीं आपली पद्धत सोडावयास कोणी राजी नव्हतें, आणि सर्वांस एकच वही घालून देण्याचें धैर्य वरिष्ठांस झालें नाहीं. जुन्या कारकुनास जो अधिकार होता, तो येथें कोणासच दिलेला नव्हता.

मालवाहू विमानाच्या मागण्या फेडेक्सनें २००६ मध्यें व यू. पी. एस.नें २००७ मध्यें रद्द केल्या, व तो प्रकार कधींच बांधला गेला नाहीं. पहिलें प्रवासी विमान १५ ऑक्टोबर २००७ रोजीं सिंगापूर एअरलाइन्सच्या हातीं पडलें. तत्पूर्वीं शेंकडों जर्मन कामगार तुलूझ येथें येऊन राहिले होते. उभ्या विमानांच्या पोटांत शिरून ते एकेक तार हातानें ओढून बसवीत होते.