तार, खाच आणि घर्षण : ब्रेसेसची शंभर वर्षं

ब्रेसेसची तार दात ओढते, असं आपण म्हणतो. पण दात सरकायचा, तर त्याला चिकटवलेलं ब्रॅकेट तारेवरून घसरावं लागतं. तिथे घर्षण आडवं येतं आणि लावलेला काही जोर तिथेच खर्ची पडतो.

१९२८ साली अमेरिकेत एडवर्ड अँगल यांनी 'एजवाइज' ब्रॅकेट मांडलं. आयताकृती खाच, तीत आयताकृती तार. खाचेची उंची ०.०२२ इंच, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त! दातावर ताबा छान मिळाला, पण घट्ट बसलेली तार घसरणार कशी? अँगल यांचेच विद्यार्थी, ऑस्ट्रेलियाचे रेमंड बेग यांनी १९५०च्या दशकात वेगळा रस्ता धरला: स्टीलची बारीक गोल तार, सैल पकड, हलका जोर. दात आधी कलू द्यायचा, मग सरळ करायचा.

मग नवे धातू आले. १९७०च्या दशकात निकेल-टायटॅनियमची लवचीक तार, १९८०च्या सुमारास बीटा-टायटॅनियमची. वाकवायला मस्त, पण बीटा-टायटॅनियम स्टीलपेक्षा जास्त अडतं. म्हणून दातांमधली फट सरकवून बंद करताना डॉक्टर आजही बहुतेकदा स्टीलच वापरतात.

आता मुद्दा पैशांचा. तार धरून ठेवणारी रबरी रिंग तिला दाबते, म्हणजे घर्षण आलंच. रिंगऐवजी छोटं झाकण असलेली 'सेल्फ-लायगेटिंग' ब्रॅकेट्स ही कल्पना १९३५ची. प्रयोगशाळेत यांचं घर्षण खरंच कमी भरतं, आणि 'उपचार लवकर संपतील' अशी जाहिरातही होते. पण रुग्णांवरच्या अभ्यासांत एकूण कालावधी फारसा कमी झालेला दिसत नाही.

असं का? एक तर सरकताना दात थोडा कलतो आणि तार खाचेच्या कडांवर अडकते. अमेरिकी संशोधक रॉबर्ट कुसी यांनी हे अडकणं साध्या घर्षणापासून वेगळं करून दाखवलं. झाकण कितीही गुळगुळीत असो, कडा त्याच! दुसरं म्हणजे हाड. दातापुढचं हाड झिजायचं आणि मागे नवं भरायचं, याला वेळ लागतोच. महिन्याला साधारण एक मिलिमीटर, एवढीच ही चाल.

मला विचाराल तर, महागडं ब्रॅकेट घेण्याआधी डॉक्टरांना थेट विचारा: "यानं माझे नेमके किती महिने वाचतील?" उत्तर गोलमोल आलं, तर फरकाचे पैसे खिशातच राहू द्या.