तेंदूपान आणि बांबूचा परवाना

मक्तेदारीवर उतारा म्हणून दुसरी मक्तेदारी योजावी, असा प्रकार चंद्रपूरच्या अरण्यात घडला. विडीसाठी लागणाऱ्या तेंदूपानांचा व्यापार खासगी ठेकेदारांच्या मुठीतून सोडविण्यासाठी महाराष्ट्र सरकारने १९६९ साली कायदा करून तो आपल्याकडे घेतला. हेतू स्तुत्य खरा. परंतु पाने तोडणाऱ्या गोंड मजुरास विक्रीचे दुसरे दार काही उघडले नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने तेंदू व बांबू यांची मालकी वननिवासी समाजास दिली. तरी १९२७ च्या कायद्याने बांबूस वृक्ष ठरविलेले; तेव्हा वाहतुकीचा परवाना वनखात्याच्याच हाती! गवतास वृक्ष म्हणण्याची ही गंमत गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावास महाग पडली. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेस मिळाले. पुढे जिल्ह्यातील कित्येक ग्रामसभा तेंदूपानांचेही लिलाव स्वतः पुकारू लागल्या.