वलगणीचे मासे

कल्याण, मुरबाड, शहापूरकडच्या घरांत 'वलगण' म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. डोंबिवलीच्या नव्या वसाहतींत मात्र हा शब्द फारसा कानावर पडत नाही.

मृगाचा मोठा पाऊस पडला की उल्हास, काळू, भातसा या नद्या फुगतात आणि ओढ्यांचे गढूळ पाणी भातखाचरांना मिळते. त्या प्रवाहाच्या उलट मासे वर चढतात, अंडी घालायला. खाचराच्या उथळ, गवताळ पाण्यात पिल्लांना आसरा आणि खाणे दोन्ही मिळते. हीच वलगण. आगरी, कुणबी, कातकरी, ठाकर घरांतली माणसे टोपल्या नि बांबूचे सापळे घेऊन पिढ्यान्पिढ्या बांधावर उभी राहिली. पोटातली गाबोळी पहिल्यांदा दिसली ती विळीवर मासे साफ करणाऱ्या बाईला. विणीचा हंगाम तिला पुस्तकांच्या आधी कळला.

समुद्रावरची गोष्ट वेगळी घडली. खवळलेल्या दर्यामुळे कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्याला ओढून ठेवत, आणि तेवढ्यात माशांनाही उसंत मिळे. यांत्रिक नौका आल्यावर ही उसंत आपोआप मिळेना. मग १९८१ मध्ये राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. आज १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना बंदी असते.

ही बंदी समुद्रापुरती. खाचरातल्या माशाला ती नाही. पूर्वी त्याने बिघडत नसे, कारण ओढे मोकळे होते, खाचरे भरपूर होती. चार मासे टोपलीत आले तरी बाकीचे वर जात. १९६० नंतर चित्र पालटले. कारखाने आले, बारवी-भातसाची धरणे झाली, खाचरांवर इमारती उठल्या, ओढ्यांचे नाले झाले. माशांची वाट अरुंद झाली आणि शहरातले गिऱ्हाईक वाढले.

आषाढात ज्या घरी कोरड्यासाला काही नसते, तिथल्या मूठभर माशांनी नदी रिकामी होत नाही. ती होते आपण बाजारात गाबोळीचे मासे किलोकिलोने मागतो त्याने. भाद्रपद-आश्विनात पाणी ओसरते तेव्हा हेच मासे पिल्लांसह नदीकडे उतरतात. मैत्रिणींनो, तोवर थांबूया. चढत्या माशाला वाट द्यावी, उतरता मासा ताटात घ्यावा.